नाकाला हात लावेपर्यंत

निवृत्तीच्या दिवशी शाळेने मला शाल दिली नाही, श्रीफळ दिलं नाही, एक वाटी दिली. पितळी रंगाची, जाड काठाची, सोबत एक लाकडी दांडू. वाटीवर दांडू मारला की ती बराच वेळ गुणगुणत राहते. ती हिमालयातून आली आहे, असं आमच्या संचालिका रेवती मॅडम सांगत. अगदी तशीच वाटी मी तुळशीबागेत पळी-पंचपात्राच्या शेजारी पाहिली आहे, पण हिमालयातून पुण्याला येताना वाटेत तुळशीबाग लागत असेल तर माझी हरकत नाही. सध्या मी तीत लिंबं ठेवते.

या वाटीपायी चार वर्षांचा एक मुलगा अमरावतीला जाता जाता राहिला. ती हकिकत सांगायची आहे. पण त्याआधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण बालवाडीची बाई म्हणजे टाळ्या वाजवून गाणी म्हणणारी बाई, अशी पुष्कळांची समजूत असते आणि ती समजूत असणारे लोक पुढे शिक्षणसंस्थांचे विश्वस्त होतात.

मी राहायला शनिवार पेठेत आणि माझी सगळी नोकरी बिबवेवाडीत. त्यामुळे वाड्यातले शेजारी मला परगावी नोकरीला आहे असंच समजत. शाळा भापकर शेठची. शेठ मार्केट यार्डातले मिरचीचे व्यापारी. बिबवेवाडीत त्यांनी इमारत बांधली, तळमजल्याला भाडेकरू मिळेना, म्हणून तिथे बालवाडी काढली. शैक्षणिक तळमळ नंतर आली, आधी जागा रिकामी होती. शेठ माणूस उदार. पण यार्डातून थेट शाळेत यायचे आणि त्यांच्या कपड्यांत बेडगी आणि संकेश्वरी अशी काही मुरलेली असायची की ते दारात उभे राहिले की वर्ग पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत क्रमाने शिंकायचा. नव्या मुलांना वाटायचं, ही साहेबांना करायची सलामी आहे. एकजण घरीही पाहुणे आले की मुद्दाम शिंकायचा.

पाटीवरचं नाव मात्र बदलत गेलं. मी लागले तेव्हा बालवाडी होती. पुढे शिशुवर्ग झाला, मग नर्सरी, मग प्री-स्कूल, आणि शेवटी शेठच्या सूनबाई रेवती मॅडम आल्यावर 'अर्ली इयर्स सेंटर'. पाटी रंगवणारा एकच होता, तो दर वेळी विचारायचा, "बाई, आता आत वेगळं काय असतं?" आत तेच असायचं. मुलांची नाकं सगळ्या नावांखाली सारख्याच प्रमाणात वाहिली.

आमचं खरं काम म्हणजे बटणं लावणं, उलट्या पायांतले बूट सुलट करणं, डबा कुणाचा आणि चड्डी कुणाची हे वासावरून नव्हे तर रंगावरून ओळखणं, आणि रडण्याचे प्रकार कानाने वेगळे काढणं. आई गेली म्हणून येणारं रडणं वरच्या पट्टीत असतं आणि दाराकडे तोंड करून असतं. सू झाली म्हणून येणारं रडणं खालच्या पट्टीत आणि जमिनीकडे बघून. पहिल्यासाठी कडेवर घ्यायचं, दुसऱ्यासाठी आधी खाली बघायचं. हा क्रम चुकला की साडी बदलावी लागते.

आणखी एक गोष्ट हा धंदा शिकवतो. चार वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट सुरू करायला लावणं काहीच अवघड नाही. ती थांबणार कशी, हे आधी ठरवावं लागतं. आगगाडी करा म्हटलं की करतात. मग ती आगगाडी डबे खायच्या वेळेलाही थांबत नाही. म्हणून प्रत्येक खेळाला सुटका असलीच पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

पहिली पुष्कळ वर्षं आमचे पालक यार्डातले तोलाईदार, कारकून, रिक्षावाले, छोटे दुकानदार असे होते. ते दोनच प्रश्न विचारत : "रडला का?" आणि "डबा संपवला का?" मग हिंजवडी निघाली. गावोगावची हुशार मुलं पुण्याला आली, त्यांनी बिबवेवाडीत फ्लॅट घेतले, त्यांना मुलं झाली आणि ती मुलं आमच्याकडे आली. हे पालक फार सज्जन आणि फार दमलेले. सकाळी कंपनीच्या बसच्या मागे धावायचे आणि रात्री फोनवर अमेरिकेशी बोलायचे. त्यांचे प्रश्न वेगळे होते. एका वडिलांनी मला विचारलं, "मिस, हिच्या रंगकामाचा रोडमॅप काय आहे?" मी म्हटलं, "सध्या भिंतीवर आहे. पुढच्या महिन्यात कागदावर आणायचा विचार आहे." त्यांनी ते लिहून घेतलं.

अशा दिवसांत रेवती मॅडम बंगळूरला जाऊन एक शिबिर करून आल्या. येताना ती वाटी आणली आणि एक शब्द आणला. शिक्षिकांची सभा घेतली, खिडक्या बंद केल्या, पडद्यावर कमळ दाखवलं आणि म्हणाल्या, "यापुढे आपण मुलांना माइंडफुलनेस देणार आहोत."

शेजारच्या वर्गावर कांबळे बाई होत्या. त्यांच्याकडे आजोबांपासून बौद्ध धम्म, मिस्टर सरकारी नोकरीत, आणि बाईंचा आवाज असा की कितीही तिरकं बोलल्या तरी माहिती देतायत असंच वाटावं. त्यांनी विचारलं, "म्हणजे काय करायचं असतं, मॅडम?"

"श्वासाकडे लक्ष द्यायचं. आत येणारा श्वास, बाहेर जाणारा श्वास. आहे त्या क्षणात राहायचं."

"हे आमच्या विहारात रविवारी सकाळी असतं. लहान मुलांचं वेगळं. फुकट असतं. झाल्यावर खीर देतात."

"हो, पण आपलं सायंटिफिक आहे."

"मग खीर नसेल," कांबळे बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत 'खीर नाही' असं लिहून ठेवलं.

खीर नव्हती, पण बेदाणे होते. पहिला पाठ बेदाण्याचाच. प्रत्येक मुलाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवायचा. तो निरखायचा, त्याचा वास घ्यायचा, कानाशी नेऊन ऐकायचा, जिभेवर नुसता ठेवायचा आणि मग सावकाश चावायचा. शेठनी यार्डातल्या मित्राकडून उत्तम बेदाणे पाठवले होते. मी सूचना द्यायला सुरुवात केली. 'निरखा' म्हणेपर्यंत अर्ध्या वर्गाचे बेदाणे पोटात गेले होते आणि ते रिकामे तळहात निरखत होते. एक मुलगी बेदाणा कानाला लावून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "बाई, माझा उचलतच नाही." दुसऱ्याने स्वतःचा खाऊन शेजाऱ्याच्या बेदाण्याचा वास घेता घेता तोही ओढला.

आणि मल्हार वानखडेने त्याचा बेदाणा नाकात घातला.

हाच तो अमरावतीवाला मुलगा. काळासावळा, केस कायम उभे, बोलणं अखंड. वडील प्रशांत वानखडे अमरावतीचे, आई अकोल्याची, दोघंही हिंजवडीला. मल्हार एका जागी बसलेला आम्ही फक्त वर्गाच्या फोटोत पाहिला होता, आणि तिथेही त्याचा एक पाय पुसट आला होता. त्याला विचारलं, "नाकात का घातलास?" तर म्हणाला, "तुम्हीच म्हणालात वास घ्या." हे बरोबर होतं. दुसरी नाकपुडी दाबून मी त्याला जोरात फुंकर सोडायला लावली. बेदाणा कांबळे बाईंच्या दारापर्यंत गेला. मल्हार धावत जाऊन तो घेऊन आला, निरखला, कानाशी लावला, जिभेवर ठेवला आणि सावकाश चावून खाल्ला. वर्गात पाठ पूर्ण करणारा तो एकटाच.

दुसरा पाठ पोटावर अस्वल ठेवण्याचा. मुलांनी उताणं झोपायचं, पोटावर कापडी अस्वल ठेवायचं आणि श्वासाबरोबर ते वर-खाली होताना बघायचं. अर्ध्या मुलांना झोप लागली. त्यांना यशस्वी धरायचं की गैरहजर, याबद्दल बंगळूरहून आलेल्या पुस्तिकेत काही नव्हतं.

तिसरा पाठ वाटीचा, आणि खोटं कशाला बोलू, तो जमला. वाटी वाजवायची. मुलांनी डोळे मिटायचे आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकायचं. तो इतका हळूहळू विरतो की संपला की नाही कळत नाही, म्हणून मुलं जास्तच कान देऊन ऐकतात. पहिल्यांदा वाटी वाजवली तेव्हा वर्गात अशी शांतता झाली की मला रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकू आला. ती गिरणी तिथे आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

अडचण सुटकेची होती. पुस्तिकेप्रमाणे दुसऱ्यांदा वाटी वाजली की डोळे उघडायचे. दुसरी वाटी वाजली की सगळी मुलं एकदम डोळे उघडायची, एकदम उठायची आणि एका दारातून एकदम बाहेर पडायची. यार्डाचं फाटक पहाटे उघडतं तसं. त्यात दोन दात पडले. दुधाचे होते, पण पालकांच्या दृष्टीने वेळेआधी पडले.

तेव्हा मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि आपल्याकडचा खेळ काढला : स्टॅच्यू. हा खेळ पुण्यातल्या प्रत्येक पोराला जन्मतःच येतो. आणि त्याचा नियम असा की ज्याने स्टॅच्यू म्हटलं, त्यानेच ओव्हर म्हणायचं. दुसऱ्या कोणी म्हटलेलं ओव्हर धरत नाहीत. मी मुलांना सांगितलं, "वाटी वाजली की स्टॅच्यू. डोळे बंद. मी येऊन ज्याच्या नाकाला हात लावीन त्याचं ओव्हर." म्हणजे एकेक मूल सुटतं, एकेकाचे बूट घालून होतात, दारात गर्दी होत नाही. शिवाय कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला शेवटी, हे माझ्या हातात. मल्हारला मी शेवटी सोडत असे. मधल्या वेळात टेबलावरचा चहा मी गरम प्यायले. नोकरीतला पहिला गरम चहा. माइंडफुलनेसचा मला झालेला हा फायदा मी कृतज्ञतेने नोंदवते.

रेवती मॅडमनी पालकांना बोलावून प्रात्यक्षिक ठेवलं. वाटी वाजली, तीस मुलं मूर्तीसारखी झाली. पालक भारावले. एकजण कुजबुजला, "हे मेजर कसं करतात?" तेवढ्यात भापकर शेठ कौतुकाने आत आले आणि तीसच्या तीस मुलं ओळीने शिंकली. एकाचेही डोळे उघडले नाहीत. शिंकताना डोळे मिटलेलेच असतात, हे आमच्या पथ्यावर पडलं. रेवती मॅडम म्हणाल्या, "बघा, भावना आली, त्यांनी ती येऊ दिली आणि जाऊ दिली." टाळ्या पडल्या.

पण मुलाला शाळेत एखादी गोष्ट लागली की ती शाळेत राहत नाही. वाटी कुठली आणि घंटा कुठली, हा भेद चार वर्षांचं मूल करत नाही. सकाळी घंटागाडी आली की आमची मुलं बाल्कनीत स्टॅच्यू व्हायला लागली. कुल्फीवाला टणटण करत गल्लीत यायचा आणि गिऱ्हाईक डोळे मिटून उभं. त्याने शाळेत येऊन तक्रार केली. म्हणाला, "पोरं हात पुढं करून हुबी हायती, पण घ्यायला कोणच डोळं उघडंना. कुल्फी वितळती."

गणपतीत तर कहर झाला. सोसायट्यांमधून आरत्या सुरू झाल्या, घंटा वाजू लागल्या आणि आमच्या शाळेची मुलं जिथे असतील तिथे निश्चल. आजी-आजोबांना गहिवरून आलं. "आमची पोरं आरतीला इकडेतिकडे बघतात, आणि ही बघा," असं म्हणत ते चौकशीला यायला लागले. रेवती मॅडम त्यांना मेंदूची आकृती दाखवत होत्या, आजीबाई म्हणत होत्या, "संस्कार, संस्कार." दोन्ही बाजू एकमेकींशी पूर्ण सहमत होत्या आणि प्रवेश भराभर होत होते.

बहुतेक मुलं घरी नियम गुंडाळून ठेवायची. मोदक दिसला की आपापलं ओव्हर व्हायची. मल्हार मात्र नियमाचा पक्का निघाला. वानखड्यांच्या सोसायटीत आरती झाली, प्रसाद झाला, लोक पांगले, तरी तो मिटलेल्या डोळ्यांनी उभा. प्रसादासाठी हात पुढे होता, एवढाच काय तो हललेला. शेवटी वडिलांनी घडीची खुर्ची उचलावी तसा उचलून घरी नेला. झोप लागली आणि सकाळी उठला तो नेहमीसारखा बोलतच. मी वानखड्यांना म्हटलं, "त्याला नीट सांगायला हवं, हे फक्त शाळेपुरतं आहे." ते म्हणाले, "राहू द्या ना बाई. सुख वाटून राहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा हा माणूस गप होता."

आता अमरावती. मल्हारला पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत घालायचं होतं. त्या काळी चार वर्षांच्या मुलाची मुलाखत घेत आणि सगळे जण ते गांभीर्याने करत. मल्हारच्या दोन मुलाखती होऊन गेल्या होत्या. पहिल्या शाळेत तो टेबलाखाली गेला आणि मुख्याध्यापकांच्या बुटाची नाडी सोडून परत आला. दुसऱ्या शाळेत त्याला विचारलं, "बाबा काय करतात?" तो म्हणाला, "रात्री अमेरिकेला रागावतात." आणि मग कसे रागावतात तेही करून दाखवलं, शब्दांसकट.

राहिली एकच शाळा, टेकडीच्या पायथ्याची. तिथे संध्याकाळपर्यंत मुलं सांभाळायची सोय होती. वानखड्यांना ती सोयच हवी होती, कारण दोघं घरी यायची तीच रात्री. तिथेही नाही झालं तर मल्हारने अमरावतीला आजीकडे राहायचं, तिथल्या शाळेत जायचं आणि आईबाबा सुट्टीत भेटतील, असं घरात ठरलं होतं. हे त्याच्या आईने मला शाळेच्या दारात सांगितलं आणि सांगताना ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

मी तिला म्हटलं, "त्याला घाबरवू नका. त्याला हवं ते बोलू द्या."

"तेच तर नको ना, बाई," ती म्हणाली.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी वर्ग चालू असताना माझा मोबाईल वाजला. वानखडे होते. अगदी हळू आवाजात बोलत होते.

"बाई, हा डोळेच नाही उघडून राहिला."

झालं होतं असं. मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर शिपायाला बोलवायची घंटी होती, वरून दाबली की टिंग करणारी. मल्हार आत गेला, खुर्चीवर बसला, बाईंनी कागद मागवायला घंटी दाबली आणि मल्हार स्टॅच्यू झाला. नाव विचारलं, उत्तर नाही. रंग विचारले, उत्तर नाही. आईने हलवलं, वडिलांनी नाकाला हात लावून पाहिला, शिपायानेही लावून पाहिला.

"फोन त्याच्या कानाला लावा," मी म्हटलं. लावला. "मल्हार, बाई बोलतेय. ओव्हर."

मग वानखडे म्हणाले, "बाई, मान हलवून नाही म्हणून राहिला. नाक दाखवून राहिला बोटानं. या ना जी तुम्ही."

वर्ग कांबळे बाईंच्या स्वाधीन केला. त्या म्हणाल्या, "जा. चौथा पाठ पुस्तिकेत नसणारच."

बिबवेवाडीच्या चौकात तीन रिक्षावाल्यांनी मला नकार दिला. एकाने टेकडीचं नाव ऐकून, एकाने न ऐकता, आणि एकाने मी काही बोलायच्या आधीच. चौथा जरा वयस्कर होता, खडकवासल्याकडचा. म्हणाला, "तिकडं कशाला?"

"एका मुलाने डोळे मिटलेत, ते उघडायला जायचंय."

"डोळ्याच्या डॉक्टर हाय का?"

"नाही. बालवाडीची बाई."

"बसा," म्हणाला. "असलं कारण अजून ऐकलं नव्हतं."

स्वारगेटला आम्ही अडकलो. पुढे बस, मागे बस, बाजूला टेम्पो. मी घड्याळ बघत होते. त्याने वाटेत सगळी हकिकत काढून घेतली होती. म्हणाला, "मॅडम, आता तुमीच डोळं मिटा अन् श्वास घ्या. दुसरं काय व्हनार न्हाई." मी खरंच घेतला. स्वारगेटला खोल श्वास घेतला की माणूस त्या क्षणात राहतो, यात शंका नाही. खोकला थांबेपर्यंत दुसरा कुठला क्षण सुचत नाही.

पोहोचले तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी मल्हारची खुर्ची भिंतीशी सरकवून दुसऱ्या मुलांच्या मुलाखती चालू ठेवल्या होत्या. बाई कडक होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. दर मुलामागे त्या घंटी दाबत होत्या आणि दर टिंगला मल्हार आणखी एक खोल श्वास घेत होता. पाय जमिनीला पोहोचत नव्हते, तरी हलत नव्हते. रांगेत बसलेल्या आणखी दोन अनोळखी मुलांनी त्याचं बघून डोळे मिटले होते आणि त्यांचे आईबाप वानखड्यांकडे रागाने पाहत होते.

मी गेले, मल्हारच्या नाकाला हात लावला. त्याने डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग बाबांकडे. शेजारच्या दोघांनी नाकं पुढे केली होती, त्यांनाही लावला.

मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "आपण कोण?" मी सांगितलं. वाटी, स्टॅच्यू, नाक, सगळं सांगितलं. खोलीत मेंदूची आकृती नव्हती, त्यामुळे ते फारच साधं वाटलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे याला एक नियम सांगितला," त्या म्हणाल्या, "आणि हा तो पाळत होता. मी घंटी दाबत होते, आईवडील हलवत होते, तरी पाळत होता."

"हो."

"आणि आज सकाळपासून इथे एकाने टेबलावर उडी मारली, दोघांनी सू केली, आणि एकीने माझा चष्मा घातला." त्यांनी मल्हारकडे पाहिलं. "बाळ, डोळे मिटून काय करत होतास?"

वानखड्यांनी श्वास रोखला. मीही रोखला, हे पुस्तिकेच्या विरुद्ध होतं. मल्हारने माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही.

"वाट बघत होतो," तो म्हणाला.

"कुणाची?"

"बाईंची."

मुख्याध्यापिका बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि शिपायासाठी घंटीकडे हात नेला. मग थबकल्या, खुर्चीवरून उठल्या आणि दारात जाऊन शिपायाला तोंडाने हाक मारली. "यांना ऑफिसात घेऊन जा. प्रवेशाचे कागद द्या." मग मला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या शिक्षकांना हे शिकवायला याल का?" मी म्हटलं, "त्यांना येतं. लहानपणी सगळे खेळलेत." त्यांना ते पटलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनीही बंगळूरला माणूस पाठवला असं ऐकलं.

वानखड्यांना कागदपत्रांत वेळ लागणार होता, म्हणून मल्हारला मी माझ्याबरोबर शाळेत घेऊन निघाले. रिक्षावाला फाटकाशी थांबलाच होता. त्याला निकाल कळायला हवा होता.

मल्हार रिक्षात माझ्या शेजारी बसला. बराच वेळ गप्प. हे मला बरं वाटेना. मी विचारलं, "काय रे?"

त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं. "बाई, मी काहीबाही नाही बोललो."

"कुठे?"

"तिथे. आई म्हणाली होती, तिथे काहीबाही बोललास तर अमरावती. मग घंटी वाजली. मग मी उघडलेच नाहीत."

म्हणजे नियम तो पाळत होता, पण नियमाच्या आत दडून बसला होता. बंगळूरच्या पुस्तिकेत मन रिकामं करायला सांगितलं होतं. या मुलाने त्या खुर्चीवर बसून मनात एकच गोष्ट गच्च धरून ठेवली होती, आणि पायसुद्धा हलू दिला नव्हता.

"आता अमरावती नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. सुट्टीत आजीला भेटायला जाशील तेवढीच."

"मग आता बोलू?"

"बोल."

आणि तो बोलायला लागला. त्या बाईंच्या नाकावर चष्म्याचे दोन खड्डे आहेत, भिंतीवर एक पाल होती आणि त्याने डोळे मिटायच्या आधी तिने त्याच्याकडे पाहिलं, शेजारच्या मुलीच्या पोटात आवाज होत होते, अमरावतीच्या आजीकडे एक म्हैस आहे आणि ती शिंकते, भापकर शेठ म्हशीकडे गेले तर काय होईल, रिक्षाला तीनच चाकं का असतात आणि चौथं कुणी नेलं. सिंहगड रस्त्याच्या फाट्यापर्यंत वाक्य संपलं नाही. स्वारगेटला आम्ही पुन्हा अडकलो, तेव्हा तो अमेरिकेला कसं रागावतात ते करून दाखवत होता, शब्दांसकट, आणि शेजारच्या बसमधले लोक खिडकीतून वाकून ऐकत होते.

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम," तो म्हणाला, "ती वाटी आणली न्हाई का?"

आणली नव्हती. आणली असती तरी त्या दिवशी वाजवली नसती.